जास्तीची माणसं

“आई, तिथं काही नाहीये. वळसा कशाला घालतेस?”

मी हॉलच्या मधोमध थांबले. हातात ताट होतं. ताटातली आमटी हिंदकळून अंगठ्यावर आली आणि चटका बसला.

“पायात काहीतरी येईलसं वाटलं,” मी म्हणाले.

“सकाळपासून बघतोय मी. जाताना वळसा, येताना वळसा. फरशी पूर्ण मोकळी आहे.”

फरशी मोकळी आहे हे मला माहीत होतं. अडचण एवढीच होती, की मला तिथं एक जाळी दिसत होती. लोखंडी, कमरेएवढी उंच, हिरव्या रंगाची, आणि चौकोनांच्या प्रत्येक सांध्यावर एकेक फूल. एका ठिकाणी रंगाचा पोपडा निघाला होता, तोसुद्धा दिसत होता. समोर बसलेला माझा मुलगा मात्र मला राखाडी डागासारखा दिसायचा. त्यानं कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय हेही मला सांगता आलं नसतं. जाळी खोटी आहे हे डोक्याला पटलेलं होतं, पायांना पटत नव्हतं.

मल्लिनाथ आदल्या दिवशी पुण्याहून अचानक आला होता. ‘सहज आलो’ म्हणाला. ज्याच्या पोराचं दहावीचं वर्ष चालू आहे, तो माणूस आठवड्याच्या मधेच मिरजेला सहज येत नाही. मी विचारलं नाही. तो कधी बोलतो याची वाट बघत होते.

जेवता जेवता तो बोलला. “आरवाडे वहिनींचा फोन आला होता मला.”

आरवाडे वहिनी म्हणजे आमच्या शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर.

“काय म्हणाल्या?”

“गॅसवाला सिलिंडर घेऊन आला होता ना, त्याला तू म्हणालीस म्हणे, पोरीला उन्हात का उभी केलीय, आत सावलीत घे तिला.”

“म्हणाले असेन. मग?”

“त्याच्याबरोबर पोरगी नव्हती, आई.”

मी भात कालवत राहिले. ती पोरगी मला अजून आठवत होती. दोन वेण्या, पिवळा फ्रॉक, पायात एकच चप्पल. एरवी जे दिसायचं त्यात काहीतरी विचित्र असायचं. कोणाच्या डोक्यावर हातभर उंच टोपी, कोणाचं तोंड अंगठ्याएवढं. त्यामुळं खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे मला ओळखता यायचं. ही पोरगी साधी होती, तिथंच मी फसले.

“सोमवारी पुण्यात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय,” मल्लू म्हणाला. “रविवारी तू माझ्याबरोबर चल. घराचं नंतर बघू.”

“घराचं काय बघायचंय?”

“बंद ठेवायचं की भाड्यानं द्यायचं ते.”

“मी मेले का?”

“आई, असं बोलू नकोस. तू इथं एकटी असतेस. चहा उतू जातो, गॅस तसाच राहतो...”

“गॅस एकदा राहिला. एकदा! तुझ्या बायकोकडून राहत नाही?”

मी भिंतीला धरून बेसिनपर्यंत गेले आणि पाणी जोरात सोडलं. मला रडू येत नव्हतं. मला कुणालातरी धरून बदडावंसं वाटत होतं, आणि कोणाला ते कळत नव्हतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा काचबिंदूनं माझा उजवा डोळा पूर्ण घेतला होता. डाव्यात थोडी खिडकी उरली होती, बारीक आणि धुरकट. नजर गेल्याचं दुःख मी पचवलं होतं असं नाही, पण त्याला नाव होतं, थेंब होते, तारखा होत्या. हे दुसरं जे सुरू झालं होतं त्याला काहीच नव्हतं. आणि त्याबद्दल मी कोणाशी बोलूही शकत नव्हते, कारण मी महानंदा बिराजदार, सरकारी दवाखान्याच्या मनोविकार वॉर्डात अख्खी नोकरी केलेली नर्स. कोपऱ्यात नसलेली बाई ज्यांना दिसते, त्यांचं पुढं काय होतं हे माझ्याइतकं आमच्या गल्लीत कोणाला माहीत असणार? नातेवाईक आधी घाबरतात, मग चिडतात, मग रजेचे दिवस मोजतात. शेवटी दाराशी उभं राहून म्हणतात, “सिस्टर, जरा लक्ष ठेवा हं.” आणि जातात.

म्हणून मी माझी मीच तपासणी करायची. सकाळी उठलं की आजचा वार कुठला, तारीख कुठली. शंभरातून सात वजा, परत सात वजा, थेट खालपर्यंत. ही माणसं बोलतात का? नाही. मला काही करायला सांगतात? नाही. माझ्याकडं बघतात? तेही नाही, आपापल्या नादात असतात. डोळे मिटले की जातात. हे शेवटचं मला कोड्यात पाडायचं. वॉर्डातल्या माझ्या बायका डोळे मिटून कानांवर हात ठेवायच्या, तरी त्यांची पीडा जायची नाही. माझी जायची. पण उत्तर काय ते कळायचं नाही, आणि विचारायचं म्हटलं तर तोंड उघडायचीच भीती.

“उद्या सांगलीला माझी डोळ्यांची तपासणी आहे,” मी नळ बंद करून म्हणाले. “ती झाल्याशिवाय मी कुठंही येणार नाही.”

“नेतो ना मी. मी काय शत्रू आहे का तुझा?” मल्लू म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. मला तेव्हा त्याचीही दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीनं मल्लूला विचारलं, “आजींना शुगर आहे का?”

“आजींना कान आहेत,” मी म्हणाले.

“आई...” मल्लू पुटपुटला.

पुढं नजर कुठवर पोहोचते याची तपासणी होती. तिचा मला मनापासून कंटाळा. एका अर्ध्या गोलात हनुवटी टेकवून बसायचं, समोर पांढरं असतं, त्यात कुठंतरी बारीक दिवा लुकलुकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. एरवी दिवाच दिसायचा नाही म्हणून मी वैतागायची. त्या दिवशी उलटंच झालं. मी डोळा लावला आणि त्या पांढऱ्या वाटीत पानं उगवायला लागली. बारीक पोपटी पानं, त्यांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. पानं हलत होती, चमकत होती. त्यातला दिवा कुठला आणि चमक कुठली? मी अंदाजानं बटण दाबत राहिले.

“आजी, दिवा नसताना दाबताय तुम्ही,” यंत्रावरचा माणूस म्हणाला.

“बरं.”

थोड्या वेळानं परत, “आजी, घाई नका करू. दिसला तरच दाबा.”

“दिसतंय म्हणूनच दाबतेय!” मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरची कुजबुज थांबली. हनुवटी काढून घेतली. मल्लूनं खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

डॉक्टर नवीन होत्या. आवाजावरून तिशीच्या आतल्या वाटल्या. डॉ. मुजावर असं नाव सांगितलं. त्यांनी डोळ्यांचा दाब बघितला, थेंबांची चौकशी केली, मग तो नजरेचा कागद बराच वेळ हातात धरून बसल्या. कागदाची कड टेबलावर हलके हलके आपटत होती.

“आजी, कमी काय दिसतं ते या कागदावर कळतंय मला. जास्तीचं काही दिसतं का?”

आयुष्यात कोणी मला इतका थेट प्रश्न विचारला नव्हता. मी पटकन म्हणाले, “नाही.”

“आई,” मल्लू म्हणाला, “सांग ना. त्या गॅसवाल्याच्या वेळचं सांग. डॉक्टर, हिला एक मुलगी दिसली होती, आणि घरात ही...”

“तू गप्प बस!”

“का गप्प बसू? काय लपवतेस तू? मी चार-चार तास गाडी चालवत येतो, आणि तू मला...”

“कोणी बोलावलं होतं तुला?”

मग डॉक्टर म्हणाल्या, “तुम्ही एक काम करता का? खाली औषधाच्या दुकानात हे थेंब मिळतात का बघून येता? कधी कधी संपलेले असतात.”

मल्लू चिठ्ठी घेऊन गेला. दार लागलं. मला हसूच आलं. नातेवाइकाला बाहेर काढायची ही युक्ती मी किती वेळा वापरली असेन. पुढचीही मला माहीत होती. पेशंटकडं तोंड करून विचारायचं नाही, हातातलं काम चालू ठेवायचं. झालंही तसंच. डॉक्टरांच्या कीबोर्डची टकटक सुरू झाली, आणि त्या टकटकीतच त्या म्हणाल्या, “माणसं दिसतात की नक्षी?”

“दोन्ही,” मी म्हणाले.

टकटक थांबली नाही. म्हणून मी बोलत गेले. जाळी सांगितली. पायरीवर बसणारी, अंगठ्याएवढ्या तोंडांची माणसं सांगितली. कपाटावरून ओघळणाऱ्या वेली सांगितल्या. पिवळ्या फ्रॉकची पोरगी सांगितली. शेवटी म्हणाले, “मी मनोविकारवाली नर्स आहे. मला खोटा दिलासा देऊ नका. वेड म्हणजे काय ते मी बघितलंय.”

आता मात्र खुर्ची सरकली आणि आवाज समोरून आला.

“सिस्टर, हे वेड नाही. तुमचे डोळे मेंदूला माल पाठवत होते, तो पाठवणं त्यांनी जवळजवळ बंद केलंय. पण मेंदूचा बघण्याचा जो भाग आहे, तो रिकामा बसायला तयार नाही. तो स्वतःच चित्रं तयार करतो. नजर गेलेल्या कितीतरी लोकांना होतं. बहुतेक जण सांगत नाहीत.”

“का?”

“तुम्ही का नाही सांगितलं?”

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“रिटायर झालेला माणूस घरात उगाच डबे काढून पुसत बसतो ना, तसं समजा,” त्या म्हणाल्या. “तुमचा मेंदू बिघडलेला नाही. त्याला काम उरलेलं नाही.”

त्यांनी त्याचं एक परदेशी नावही सांगितलं, ते मी दोनदा म्हणून घेतलं. मला वाटलं होतं, कळलं की सुटल्यासारखं होईल. झालंही, पण घटकाभरच. लगेच पायाच्या नखापासून राग चढला. इतके महिने शंभरातून सात वजा करत बसले मी! इतके महिने फोनवर तोलून-मापून बोलले, आरवाडे वहिनींना घरात येऊ दिलं नाही, आणि हा प्रश्न विचारायला कोणाला सुचलं नाही? मलाही माहीत नव्हतं, मला, जिनं उभा जन्म भास होणाऱ्या माणसांत काढला!

“औषध काय?” मी विचारलं.

“खात्रीचं असं नाही. दिसलं की नजर इकडून तिकडं फिरवा, दिवा लावा, उठून जागा बदला. बऱ्याच जणांचं वर्ष-दोन वर्षांत कमी होत जातं. मेंदूला सवय होते. तो डोळ्यांची वाट बघणं सोडतो, बघण्याची जागा हळूहळू कानांच्या, बोटांच्या कामाला लावतो. मग ही माणसं येईनाशी होतात.”

“येईनाशी होतात? कायमची?”

“बहुधा.”

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. डॉक्टरांना ते कळलं असावं. त्यांनी विचारलं, “काय झालं, सिस्टर?” मी म्हणाले, “काही नाही.”

मल्लू थेंब घेऊन आला, तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं दोन-तीनदा तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. म्हणजे विसरभोळेपणाचा आजार नाही? म्हणजे पुढं वाढणार नाही? म्हणजे ती एकटी राहू शकते?

“नजर कमी आहे म्हणून जेवढी काळजी घ्यायची तेवढी घ्या,” डॉक्टर म्हणाल्या. “या दिसण्यासाठी वेगळी नको. आणि एकटं राहायचं की नाही ते त्यांना विचारा. त्या इथंच बसल्यात.”

आम्ही मिरजेकडं निघालो. विश्रामबागच्या सिग्नलला उभे असताना मल्लू म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“तू काय केलं असतंस?”

“पुण्याला नेलं असतं.”

“म्हणूनच.”

त्यानं गाडी पुढं घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली थांबवली आणि इंजिन बंद केलं.

“आत्ता दिसतंय काही?”

मी समोर बघितलं. “तुझ्या स्टिअरिंगच्या पुढं, काचेखाली, पाच-सहा माणसं बसलीत. बोटाएवढी. अंगात लाल कोट, डोक्यावर फेटे, फेट्यांना तुरे. एकाच्या मांडीवर शेळी आहे.”

“शेळी?”

“शेळीच. बोकड नाही.”

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग थांबता थांबेना. मीही हसले. किती दिवसांनी त्या पोराला हसताना ऐकत होते. हसू ओसरलं, आणि तो एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, “आई, बाबा दिसतात?”

मला वाटलं होतं, हा प्रश्न फक्त माझा एकटीचा आहे. चारचौघांपासून हे सगळं लपवलं ते वेड्यात काढतील म्हणून, ते खरंच; पण त्याच्या तळाशी आणखी एक कारण होतं. कोणी औषध देऊन हे बंद केलं तर? एवढे लोक येतायत, आज ना उद्या मल्लूचे बाबाही येतील, दारातून नेहमीसारखे चपला काढत आत येतील, या आशेवर मी बसले होते. सकाळी शंभरातून सात वजा झाले की मी खोल्या धुंडाळायची. रोज.

“नाही रे,” मी म्हणाले. “एकदाही नाही. सगळी परकी माणसं.”

“असं कसं?”

“तेच विचारतेय मी माझ्या डोक्याला. ज्या माणसाबरोबर संसार केला तो एक सोडून अख्खी दुनिया दाखवतंय. फेटेवाले दाखवतंय, शेळ्या दाखवतंय. यांना मी कधी बघितलंय का? आणि ज्याला रोज बघितलं...”

मल्लूनं काही समजावलं नाही. माझा हात घेऊन नुसता धरून बसला. बाहेरून ट्रक जात होते, गाडी हलत होती.

रविवारी तो एकटाच पुण्याला गेला. जाण्याआधी गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवून घेतलं, आरवाडे वहिनींना सगळं समजावलं, आणि मला दम दिला की रोज संध्याकाळी फोन उचलायचा. घराचा विषय त्यानं परत काढला नाही.

फोन तो खरोखर रोज करायचा. आधी ‘कशी आहेस’ म्हणायचा, मग ‘आज कोण आलं होतं?’ मी सांगायची. आज भिंतीवर वीटकाम उगवलं होतं. आज टोप्या घातलेल्या बायकांची रांग होती, स्वयंपाकघरातून मोरीत. तो नातवाला हाक मारून ऐकवायचा. नोकरी लागल्यापासून माझा मुलगा माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. एरवी आमचं बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्यास का आणि पाऊस आहे का.

बाकी दिवस त्रासाचेच होते. डाव्या डोळ्याची खिडकीही मिटत गेली. भाजी चिरताना बोट कापायचं, डबा उघडला की हळदीऐवजी हिंग निघायचा, आणि माझा मलाच संताप यायचा. पण हळूहळू कुठंतरी काहीतरी बदललं. आरवाडे वहिनी दारात आल्या की नुसत्या बांगड्यांवरून कळायला लागलं. भिंत जवळ आली की माझ्याच पावलांचा आवाज बदलतो, हे कळायला लागलं. मी हॉलमधून सरळ चालायला लागले. मल्लू दिवाळीला आला, तेव्हा म्हणाला, “आई, तू धक्के खात नाहीस आता.” मला त्यात कौतुक वाटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच चाललं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता. ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं, पोरगं ऐकत नव्हतं. बोलता बोलता म्हणाला, “आज बाबांचा वाढदिवस. तुझ्या लक्षात आहे ना?”

“आहे.”

“बरं, आज कोण आलं होतं?”

मी जरा थांबले. मग म्हणाले, “तुझे बाबा.”

मला वाटलं, फोन तुटला.

“खरंच?”

“खरंच. दुपारी. मी पंख्याखाली बसले होते.”

“काही बोलले?”

“ही माणसं बोलत नाहीत, मल्लू. तुला माहीत आहे.”

“मग?”

“उभे होते दारात. चपला काढत होते.”

“आई,” तो म्हणाला, आणि आवाज असा झाला की दहावीतला मल्लू बोलतोय असं वाटावं, “दाढी वाढलेली होती का?”

त्याचे बाबा शेवटचे अडीच महिने दवाखान्यात होते. मल्लू पोहोचला तेव्हा नाकात नळी होती, दाढी वाढून चेहरा आत गेला होता, आणि त्याला स्वतःचा बाप ओळखू आला नव्हता. तो खाटेशेजारून पुढच्या खाटेपर्यंत गेला होता. मी हात धरून मागं आणलं होतं. त्यावर तो पुढं कधी अक्षर बोलला नाही.

“नाही रे,” मी म्हणाले. “तुळतुळीत होती. आत्ताच न्हाव्याकडून आल्यासारखी. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तब्येत सुधारलेली होती चांगली.”

त्यानं लांब श्वास सोडला. तो मला स्पष्ट ऐकू आला.

“बरं झालं,” मल्लू म्हणाला. “बरं झालं.”

फोन ठेवून मी थोडा वेळ तशीच बसले. समोर भिंत होती, दार होतं, सगळं असणार होतं. मला फक्त राखाडी दिसत होतं, एकसारखं, कडेपासून कडेपर्यंत. टोप्यांच्या बायका, वीटकाम, फेटेवाले सगळे संक्रांतीच्या आसपासच येईनासे झाले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोनवर मी जे सांगत होते, ते मनानं जुळवलेलं होतं.

बाहेर आरवाडे वहिनींच्या बांगड्या वाजल्या. मी उठले आणि कुकर लावायला आत गेले.